मापाचं ब्लाऊज

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी तिच्या आईचंच, रत्नाचं ब्लाऊज घेऊन मशीनवर बसले होते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. अमरावतीतल्या राजापेठेतल्या माझ्या एवढ्याशा दुकानात ऊन नुकतंच मशीनच्या पायाशी आलं होतं आणि उजव्या बाहीची शिलाई मी अर्ध्यावर आणली होती. "शालूमावशी," एवढं म्हणून ती थांबली... मला वाटलं, नेहमीसारखं विचारायचं असेल की आईचं झालं का, कधी पाठवता. मीच बोलत सुटले की झालंच समज, एक बाही तेवढी राहिली आहे. मग ती म्हणाली, "मावशी, आई गेली." रत्नानं उठून चहा ठेवला होता, ओट्याला धरून ती खाली बसली आणि परत उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव झाला, असं दवाखान्यात सांगितलं. मी दुकानाला कुलूप लावून अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूर मागे पडल्यावर शेजारच्या बाईनं विचारलं तेव्हा कळलं की माप घ्यायचा टेप माझ्या गळ्यात तसाच लटकत होता.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. रत्नमाला मॅडमबद्दल चांगलं लिहायला त्यांच्या शाळेतली माणसं आहेत, शिकून मोठी झालेली पोरं आहेत, आणि त्यांनी लिहिलंही आहे. मी दहावीनंतर शिवणक्लास केलेली बाई, माझं लिहिणं ते काय असणार. पण रत्नाची एक गोष्ट अशी आहे की ती फक्त मला ठाऊक आहे, आणि तिच्यात माझी चूक आहे. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आम्ही दोघी दर्यापूरच्या. शाळेत एका बाकावर बसायचो. आज कोणाला खरं वाटणार नाही, पण रत्ना तेव्हा नुसती काडी होती. वारा सुटला की मी म्हणायची, माझी वेणी धरून चाल, नाहीतर उडशील. ती माझ्या डब्यातली ज्वारीची भाकर आणि ठेचा खायची, मी तिच्या डब्यातली आलूची भाजी खायची, आणि दोघींच्या आयांना वाटायचं की आपली पोरगी घरचं जेवते. ती अभ्यासात पहिली, मी शिवणाच्या तासाला पहिली. तिच्या वडिलांनी ठरवूनच टाकलं होतं की पोरगी मास्तरीण होणार. ती झालीही. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा तिनं पहिल्या दिवशी नेसायची साडी घेतली, आणि त्यावरचं शाईसारखं निळं ब्लाऊज मी शिवलं. दुसऱ्या कोणासाठी शिवलेलं ते माझं पहिलं ब्लाऊज. एक हुक वर-खाली झाला होता. तिनं तेच घालून हजेरी लावली आणि संध्याकाळी मला सांगत आली की पोट्टे मले उभे राहून नमस्ते म्हणतात वं, मले हसूच आवरत नाही. त्या ब्लाऊजचा दंडघेर, म्हणजे बाहीचा दंडावरचा घेर, साडेदहा इंच होता. मी तो कधी विसरले नाही.

बायकांना सांगायला नको, पण पुरुष वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे टेपानं माप द्यायला कोणी उभं राहत नाही. अंगात नीट बसणारं एक जुनं ब्लाऊज शिंपिणीकडे द्यायचं आणि म्हणायचं, याच्यावरून शिव. ते मापाचं ब्लाऊज. रत्नाचं मापाचं ब्लाऊज म्हणजे ते निळं. एकदा दिलं ते कायमचं माझ्या दुकानातल्या खिळ्यावर राहिलं. लग्न झालं, अकोल्याला जठारपेठेत बिऱ्हाड झालं, प्रज्ञा झाली, माप मात्र तेच. मधे एकदा तिनं अकोल्याच्या बाजारात एका टेलरकडे ब्लाऊज टाकायचं ठरवलं होतं. बाळंतपणानंतर अंग भरलं होतं. त्या गृहस्थानं भरल्या दुकानात टेप लावला आणि आतल्या कारागिराला आकडा ओरडून सांगितला. मग त्याला पटेना म्हणून परत एकदा मोजून परत ओरडला. बाकावर बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. रत्ना कापड उचलून बाहेर पडली ती थेट बसनं माझ्याकडे आली. रडली नाही. फक्त म्हणाली, "आजपासून मले टेप लावायचा नाई. तू बी नाई."

मी नाही लावला. शिंपिणीला टेप लागतोच असं थोडंच आहे. दारातून आत येणाऱ्या बाईचं माप माझ्या डोळ्यांना कळतं. निळं ब्लाऊज समोर ठेवायचं आणि प्रत्यक्षात रत्नाच्या अंगाएवढं कापायचं, आत भरपूर कापड ठेवून तीन शिलाया घालायच्या, म्हणजे पुढे घट्ट झालं तर एकेक उसवता येते. तिनं विचारलं की सांगायचं, मापाचंच आहे. ती आरशात बघून खूश व्हायची. दोन ब्लाऊज एकमेकांवर ठेवून पाहिली असती तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं, पण निळं माझ्या खिळ्यावर आणि नवं तिच्या कपाटात, शंभर किलोमीटरचं अंतर मधे. अकरा, बारा, साडेतेरा... दंडघेर वाढत गेला आणि मी गप्प राहून कापत गेले. मला वाटायचं, मी मैत्रिणीची अब्रू राखते आहे. कोणी तरी एक जागा अशी असावी की जिथे तिला कोणी मोजत नाही.

आणि वाढायला कारणंही अशी काही राक्षसी नव्हती. दिवसभर शाळेत उभं राहायचं, डबा अर्धवट खायचा, जनगणना आणि निवडणुकीची कामं करायची, आणि संध्याकाळी घरी आल्यावर दिवसभराची भूक एकदम काढायची. अमरावतीला आली की दही घातलेला गिला वडा खाल्ल्याशिवाय बस धरायची नाही. पोरांच्या घरची लग्नं, बारशी, रोडगे-वांग्याच्या भाजीच्या पंगती, आणि मॅडमनी पोटभर जेवलंच पाहिजे असा आग्रह. ती कोणाला नाही म्हणायची नाही. शाळेतली लहान पोरं तिच्या मांडीवर बसायला भांडायची, कारण तिथे दोघं मावायचे. हे तीच हसत सांगायची.

सहा वर्षांपूर्वी तिच्या शाळेत आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. पोरांबरोबर शिक्षकांचंही बीपी बघितलं. रत्नाच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवायला लागले आणि पट्टा चर्रकन सुटला. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा धरून ठेवून बघितलं तर आकडा फार वर. तिनं मला फोनवर हा प्रसंग रंगवून सांगितला, आणि वर म्हणाली की पट्टाच लहान होता, आकडा खोटा आहे. मलाही ते पटलं. अपुऱ्या कापडात अंग कोंबलं की काय होतं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक? पण पुढे शाळेचा जिना चढताना दम लागायला लागला, सकाळी उठल्यावर डोकं जड राहायला लागलं. ती एकटी जाणार नाही हे ओळखून प्रज्ञानं मला बोलावून घेतलं आणि आम्ही तिघी अकोल्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाई वयानं प्रज्ञाएवढ्याच होत्या, पण शांत. रत्नानं बसल्या बसल्या पट्ट्याची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, खरं आहे मॅडम, लहान पट्ट्यानं आकडा जास्त येतो. रत्नानं माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मग बाईंनी खणातून मोठा पट्टा काढला, तो दंडाला बरोबर बसला. आकडा शिबिरापेक्षा थोडा उतरला, पण जिथे असायला हवा होता त्याच्या बराच वरच राहिला. थोड्या वेळानं परत पाहिलं, तेवढाच. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. अंग वाढलं की त्या वाढलेल्या अंगालाही रक्त लागतं, म्हणून शरीरातलं रक्त वाढतं आणि हृदयाला दर ठोक्याला जास्त ढकलावं लागतं. पोटातली चरबी मूत्रपिंडांना वेढून दाबते, मग ती मीठ आणि पाणी बाहेर टाकायच्या ऐवजी धरून ठेवतात. चरबी काही पोत्यात भरून ठेवलेल्या सरकीसारखी नुसती पडून नसते, तिच्यातून अशी द्रव्यं सुटतात की रक्ताच्या नळ्या आवळल्या जातात. झोपेत घोरता का, असं विचारलं तेव्हा प्रज्ञाच हो म्हणाली. गळ्याभोवती चरबी वाढली की झोपेत श्वास अडकतो, आणि दर वेळी दाब उसळतो, म्हणून सकाळी डोकं जड. शेवटी बाई म्हणाल्या, "थोडं वजन उतरलं तरी दाब उतरतो, मॅडम. पण तोवर गोळी रोज, आणि मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही." मी ऐकत होते आणि माझे कान तापत होते. हे सगळं ज्या अंगात चाललं होतं, त्याचं खरं माप या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं.

तरी मी तिथे बोलले नाही. बाहेर आल्यावर रत्ना म्हणाली की मी चालणार, शाळेच्या मैदानाला रोज फेऱ्या घालणार. आणि चाललीही. मीठ कमी केलं, पापड-कुरड्या शेजारी वाटून टाकल्या. गोळीचा मात्र तिला मनापासून राग होता. गोळी म्हणजे आजारी माणूस, असं तिचं गणित. एकदा दुकानात बसून खिळ्यावरच्या निळ्या ब्लाऊजकडे बोट दाखवून म्हणाली, ज्या दिवशी मले हे मापाचं बसलं ना, त्या दिवशी गोळी बंद. मी ते हसण्यावारी नेलं.

दीड वर्षापूर्वी ती निवृत्त झाली. निरोप समारंभाला तिनं मुद्दाम तशीच शाईनिळी साडी शोधून काढली. कापड माझ्या हातात देताना तिनं अट घातली की या खेपेला अगदी मापाचं, एक सूतही जास्त नाही, पस्तीस वर्षांपूर्वी जशी हजर झाली तशीच बाहेर पडणार. चार महिने ती जिवाच्या आकांतानं चालत होती, थोडी उतरलीही होती, पण साडेदहा? मी निळं ब्लाऊज समोर घेऊन बराच वेळ बसले. मापाचं शिवलं तर ते तिच्या कोपराच्या वर जाणार नव्हतं. समारंभाच्या सकाळी, आरशासमोर, एकटी... मला त्या टेलरच्या दुकानातल्या बायका आठवल्या. मी तिच्या अंगाएवढं शिवलं. एवढंच नाही, तर आतलं जास्तीचं कापड कापून टाकलं, म्हणजे उलटं करून पाहिलं तरी कळू नये. इतकं सफाईदार काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

समारंभाच्या दिवशी फोन आला. "शाले, बसलं वं," ती म्हणाली, "मापाचं बसलं मले." मागे टाळ्या ऐकू येत होत्या. मी म्हटलं, छान झालं. फोन ठेवून मी मशीनवर डोकं टेकलं. आनंद वाटत होता, हे खोटं का सांगू.

पुढे चारेक महिन्यांनी ती अमरावतीला आली. आम्ही दुकानाबाहेर खुर्च्या टाकून गिला वडा खात होतो, अर्धा अर्धा. बोलता बोलता ती सहज म्हणाली की गोळी सोडून दिली, समारंभाच्या दुसऱ्या दिवसापासूनच. माझा घास तोंडातच राहिला. डॉक्टरीणबाईंना विचारलं का, असं मी म्हटलं. त्यावर ती हसली. "त्याईले काय इचारायचं? माणूस खोटं बोलते, मशीन खोटं बोलते. ब्लाऊज खोटं बोलते का?" मी चमच्यानं वडा नुसता मोडत राहिले. ती पाणी प्याली, पदर सावरून येते म्हणाली आणि ऑटोत बसून स्टॅंडवर गेली. मी उष्टी ताटली हातात घेऊन उभी राहिले, आणि मग काय झालं कोण जाणे, दुकान तसंच उघडं टाकून मागच्या ऑटोनं निघाले.

अकोल्याची बस लागलेली होती. ती खिडकीशी बसली होती, चेहरा घामानं भिजलेला, पेपरानं वारा घेत होती. मी खाली उभी राहून तिला हाक मारली. तिला वाटलं, काही विसरलं म्हणून आले. "रत्ने, ते मापाचं नव्हतं," मी म्हटलं, "एकबी कधी मापाचं नव्हतं. मी तुले पाहून शिवत होती." तिला आधी समजलंच नाही. मग समजलं ते मी बघितलं. ती रागावली असती, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं फक्त खिडकीची काच ओढून घेतली. बस निघून गेली. त्याच संध्याकाळी ती डॉक्टरीणबाईंकडे जाऊन गोळी परत सुरू करून आली, हे मला प्रज्ञाकडून कळलं. मला मात्र तिनं दोन महिने फोन केला नाही. मी केलेले उचलले नाहीत. दर्यापूरच्या बाकापासून आमचं एवढं लांब भांडण कधी झालं नव्हतं.

दोन महिन्यांनी एका सकाळी ती दारात उभी. दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती. तिनं खिळ्यावरचं निळं ब्लाऊज काढलं, माझ्या मांडीवर टाकलं, आरशासमोर जाऊन दोन्ही हात जरा वर करून उभी राहिली. "टेप आण," म्हणाली, "मोज. अन् मोठ्यानं सांग." मी टेप काढून तिच्या छातीला लावला. मी हळू आवाजात आकडा सांगितला तर म्हणाली, ऐकू नाही आलं. मग मी सांगितला. छाती, कंबर, आणि दंडघेर साडेसोळा. गिऱ्हाइकांपैकी कोणी हसलं नाही. एक बाई तर म्हणाली, ताई, माझंही घ्या बाई असंच. रत्नानं स्वतःकडे आरशात पाहिलं, अगदी वर्गात नव्या पोराकडे पाहावं तसं, आणि म्हणाली की हां, आता कळलं कुठून चालायचं आहे ते. मग बसली, पाणी मागितलं आणि मला सांगितलं, तू मायेनं केलं हे मले माहीत हाये, पण तशी माया परत करू नोको. त्या निळ्या ब्लाऊजचं काय करू, असं मी विचारलं. तर म्हणाली, काप त्याले, सुया खोचायची गादी कर.

नंतरचे दहा महिने आमचे फार चांगले गेले. मी खऱ्या मापाचं ब्लाऊज शिवून दिलं, आत एकच शिलाई, आणि तेच तिचं नवं मापाचं झालं. ती रोज चालायची, गोळी घ्यायची, दर महिन्याला स्वतःच दंडाला टेप लावून मला फोनवर आकडा सांगायची. सोळा. सोळाला दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी. शेवटच्या खेपेला इतक्या मोठ्यानं सांगितलं की मी फोन कानापासून लांब धरला. "साडेपंधरा! लिहून घे, शाले." दंडावर ढिलं होऊन राहिलं आहे, म्हणून तिनं तेच ब्लाऊज येणाऱ्याच्या हाती माझ्याकडे पाठवलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मला रत्नाची शिलाई उसवायची नव्हती, आत घालायची होती. त्याच शिलाईवर मी बसले होते, तेव्हा प्रज्ञाचा फोन आला.

रत्नाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला डॉक्टरीणबाई आल्या होत्या. बुद्धवंदना झाल्यावर मी त्यांना कोपऱ्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. विचारलं, गोळी बंद होती त्या चार महिन्यांमुळे झालं का हे? त्या म्हणाल्या की इतकी वर्षं जास्त दाब सोसून हृदय आणि नळ्या आधीच थकलेल्या होत्या, नंतर मॅडमनी वजन उतरवलं, दाबही उतरला, तरी जुनं नुकसान सगळं भरून येत नाही. त्या चार महिन्यांमुळे काहीच झालं नसेल असं त्या म्हणणार नाहीत, आणि त्यांच्यामुळेच झालं असंही म्हणणार नाहीत. त्या खरं बोलल्या याचं मला बरं वाटलं. उत्तर मात्र मिळालं नाही, आणि आता मिळणारही नाही. पण चार महिन्यांचा हिशेब मला फारसा छळत नाही. छळतात ती त्याआधीची वर्षं, जेव्हा ती साडेबारावर होती, तेरावर होती, आणि मी एकदा तोंड उघडलं असतं तर रुसली असती, दोन महिने बोलली नसती, आणि मग तेव्हाच येऊन आरशासमोर उभी राहिली असती. ती तशीच होती. मीच तिला ओळखलं नाही.

ते ब्लाऊज दीड महिना मशीनवर तसंच होतं, सुई त्याच टाक्यात. दुसरं शिवायचं झालं तर मी शेजारणीच्या मशीनवर जायची. परवा प्रज्ञा आली. तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, आईची तेवढी शिलाई पुरी करा. मले पायजे ते." मग ती समोर बसून राहिली. मी पाय चालवला. राहिलेली अर्धी बाही संपायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दोरा तोडला, बाहीला लावलेली टाचणी काढून निळ्या गादीत खोचली. ब्लाऊज सपाट अंथरलं, बाहीवर टेप ठेवला, नीट वाकून पाहिलं. दुकानात आम्ही दोघीच होतो, कुजबुजलं असतं तरी प्रज्ञाला ऐकू गेलं असतं. मी मोठ्यानं सांगितलं.

साडेपंधरा.